७०७५ अल्युमिनियम मिश्रधातू थ्रीडी प्रिंट केला की उभे तडे. मशीन बदलू की पावडर?

वाळूज_डायकास्टिंग:
चौदा वर्षं वाळूज एमआयडीसीत प्रेशर डाय-कास्टिंग करतोय. एका ब्रॅकेटचे सँपल पीस थ्रीडी प्रिंट करून (लेसरनं पावडर थरावर थर वितळवून) हवे होते. ७०७५ वर माझा जुना विश्वास, म्हणून बाहेरच्या जॉबवर्कवाल्याकडून त्याचीच पावडर लावून घेतली. पीस दिसायला एकदम झकास. पण डाय-पेनिट्रंट (तडे दाखवणारा लाल रंग) मारलं तर लाल रेघाच रेघा, सगळ्या उभ्या, थर चढतात त्या दिशेनं. लेसरची पॉवर तीनदा बदलून झाली. फरक नाही. मशीनच बदलायची का?

चिकलठाणा_मेटलर्जी:
दादा, मशीनचा दोष नाही. ७०७५ हे ६३५ अंशांना गोठायला लागतं आणि शेवटचा रस ४७७ पर्यंत पातळच राहतो. तेवढ्यात ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिक, खालून वर खांबासारखे वाढतात. आकुंचन होतं, पण मधल्या फटीत नवा रस पोचत नाही. मग फाटतं. तुमच्या भाषेत हॉट टिअर. त्यात लेसरखाली मिश्रधातूतलं झिंक उडून जातं ते वेगळंच.

वाळूज_डायकास्टिंग:
हॉट टिअर म्हटलं आणि सगळं उमगलं! पण मग कास्टिंगमध्ये टायटॅनियम-बोरॉन टाकून ग्रेन बारीक करतात, तसं इथं का करत नाहीत?

चिकलठाणा_मेटलर्जी:
केलंय की. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एचआरएल लॅबनं ७०७५ च्या पावडरीवर झिर्कोनियमचे नॅनोकण चिकटवले. वितळल्यावर त्यातून अल्युमिनियम-झिर्कोनियमचे कण तयार होतात, त्यांच्यावर बारीक ग्रेन उगवतात. खांब नाहीत, तडे नाहीत. मला याहून मोलाची वाटते ती गोठण्याची गती. सेकंदाला लाखो अंशांनी तापमान उतरतं, त्यामुळे साच्यात कधीच मावलं नसतं एवढं झिर्कोनियम किंवा स्कँडियम अल्युमिनियममध्ये विरघळलेलं राहतं. नंतर ३२५ अंशांच्या आसपास एजिंग केलं (तापवून ठेवलं) की ते नॅनोकण होऊन बाहेर येतं. ताकद तिथून येते. स्कँडियम मात्र फार महाग.

लातूर_प्रिंट:
घाई असेल तर सिलिकॉन-१० वाली (सुमारे १० टक्के सिलिकॉन असलेली अल्युमिनियमची) पावडर घ्या, तिला तडे जात नाहीत. प्रिंट झाल्याबरोबर ताकद ४०० मेगापास्कलच्या आसपास मिळते, ७०७५-टी६ ची (टी६ म्हणजे तापवून, पाण्यात विझवून, परत एजिंग) ५७० सोडून द्या. फक्त सवयीनं टी६ देऊ नका. पाचशेच्या पुढं तापवलं की सिलिकॉनची बारीक जाळी मोडते आणि ताकद उतरते. आम्ही एक अख्खी प्लेट अशी मऊ करून बसलो होतो. पावसाळ्यात पावडर वाळवूनच भरा, ओल राहिली तर हायड्रोजनची छिद्रं पडतात.

वाळूज_डायकास्टिंग:
फर्नेसवाल्याला आत्ताच फोन करून टी६ थांबवलं. ब्रॅकेटची भिंत ३ ची ४ मिमी करतो आणि सिलिकॉन-१० मध्ये दोन पीस काढतो. झिर्कोनियमवाल्या पावडरीचा भावही मागवलाय. पेनिट्रंटचे फोटो इथंच टाकतो.