दोन टनी की तीन टनी? आधी अंगण बघा

हॅचबॅकसाठी दोन टनी (म्हणजे दोन टन उचलणारा) ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा जॅक, पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पुरेल. गाडीचं वजन टनाच्या आसपास आणि आपण उचलतो एकच कोपरा. वर्षातून दोन-तीनदा चाक काढणाऱ्याने तीन टनीवर जादा पैसे घालू नयेत. दुकानात टेप घेऊन जा आणि जॅक पूर्ण खाली असताना त्याची उंची मोजा. स्वस्त जॅक साधारण 13 सेंटीमीटरचे असतात; चाक पंक्चर असेल तर गाडी खाली बसते आणि ते आत शिरतच नाहीत.

पण माझी खरी काळजी तुमच्या मातीच्या अंगणाची आहे. जॅकचा गाडी उचलणारा दांडा वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून जॅकला चाकांवर थोडं पुढे सरकावं लागतं. गोव्यात डिचोलीला आमच्या अंगणात पावसानंतर त्याची लोखंडी चाकं रुतली, जॅक सरकेना आणि दांड्याच्या टोकाची वाटी गाडीखालच्या पत्र्याच्या कडेवरून बोटभर घसरली. तेव्हापासून खाली जाड प्लायवूड घालतो.

आणि कृपा करून गाडीखाली चिरे रचू नका. भिंतीत उभा राहणारा चिरा एका टोकावर भार आला की फुटतो. वाचलेल्या पैशांत जॅक स्टँडची, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायच्या टेकूंची, जोडी घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. काम झालं की जॅक पूर्ण खाली करून ठेवा, म्हणजे दट्ट्या तेलात राहतो आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत गंजत नाही.