प्रतिसाद: आधी लग्न, मग मंगेतर व्हिसा?

पंचवटीत विधिवत लग्न उरकून, नोंदणी टाळून अमेरिकी जोडीदाराने के-१ मंगेतर व्हिसासाठी अर्ज करावा, हा वरचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. तो व्हिसा एकमेकांशी लग्न न झालेल्यांसाठीच असतो आणि दोघे हिंदू असतील तर सप्तपदीने झालेला विवाह नोंदणीवाचूनही वैध ठरतो. भिन्नधर्मीयांच्या बाबतीतही मुंडावळ्यांतले फोटो मुलाखतीत अडचणीचे ठरू शकतात (साखरपुड्याचे मात्र उपयोगीच पडतात). शिवाय ओळख ऑनलाइन झाली असली, तरी अर्जापूर्वीच्या २ वर्षांत प्रत्यक्ष भेट, मोजके अपवाद वगळता, आवश्यक असते.

नाशिकमध्येच लग्न करायचे असल्यास विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात किमान ३० दिवस रहिवास आणि नोटिशीनंतर ३० दिवसांची प्रतीक्षा गृहीत धरावी. त्यानंतर जोडीदाराने आय-१३० अर्ज भरून विवाहिताच्या व्हिसाचा मार्ग घ्यावा.