टोपोशीट आणि उपग्रह चित्रं: मोफत कुठपर्यंत, आणि पैसे कशाचे?

रानवाट: पुण्याजवळच्या एका गावाचा पाणलोट आराखडा करायचाय. जुन्या ४७ एफ/१४ टोपोशीटची (सर्वेक्षण विभागाच्या तपशीलवार नकाशाची) स्कॅन प्रत आहे, पण तिच्यावरचे ओढे उपग्रह चित्रातल्या ओढ्यांवर बसत नाहीत. सरकारकडून मोफत काय मिळतं? आणि करातून झालेल्या डेटाला परत पैसे का मोजायचे?

शंकूपट: जुनी शीट एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या आधारावर), पॉलिकोनिक प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या एका पद्धतीत) आहे. तिला डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस आणि उपग्रह चित्रं वापरतात तो आधार) समजून बसवलं की पुण्याकडे शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. ओढूनताणून जुळवत बसू नका, ओपन सीरीजमधली (सर्वांना खुल्या, डब्ल्यूजीएस ८४ वरच्या नव्या नकाशांमधली) तीच शीट घ्या: ई४३एच१४. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० ची पीडीएफ मोफत उतरते. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जिओरेफरन्स करताना (नकाशा खऱ्या जागेवर बसवताना) कोपरे द्या: १८°३०′ ते १८°४५′ उत्तर, ७३°४५′ ते ७४°००′ पूर्व. मग ईपीएसजी ३२६४३ मध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात) आणा. समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने आहेत. पाणलोटाची हद्द आखायला त्या पुरतात, पण बांधाची जागा ठरवायला नाही. तिथे ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावावीच लागते.

वर्धाकाठ: यात भर. नागपूर, चंद्रपूरकडे ७८° पूर्वेच्या पलीकडे ३२६४४ (पुढचा पट्टा) लागतो, तिथे ३२६४३ ठेवू नका. चित्रांसाठी इस्रोचं भूनिधी पोर्टल: लिस-३ (एक ठिपका जमिनीवर २४ मीटरचा) आणि लिस-४ (५.८ मीटर) या कॅमेऱ्यांची चित्रं मोफत. उंचीसाठी भुवन या इस्रोच्या नकाशा-पोर्टलवरचं ३० मीटरचं कार्टोडेम (उपग्रह चित्रांवरून केलेला उंचीचा नकाशा). त्यातली उंची समुद्रसपाटीपासून नसते, एलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) असते. त्यामुळे आपल्याकडे ती टोपोशीटवरच्या उंचीपेक्षा साठ मीटरहून कमी दिसते. उतार काढायला अडत नाही, पण दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळले की सगळंच बिघडतं.

लेखाशीर्ष: पैशांचं असं आहे. सर्वेक्षण विभाग विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या तरतुदीवर चालतो, भूनिधी चालवणारी एनआरएससी (इस्रोची दूरसंवेदन संस्था) अंतराळ विभागाच्या. २०२३ च्या अंतराळ धोरणाप्रमाणे ५ मीटर आणि त्याहून ढोबळ चित्रं सगळ्यांना मोफत. त्याहून बारीक चित्रं सरकारी संस्थांना मोफत, बाकीच्यांना विकत. म्हणून काम मृद व जलसंधारण विभागाचं असेल तर मागणीपत्र त्या विभागाच्याच नावाने जाऊ द्या.

बारीक चित्रंही मोफत व्हावीत, असं माझं ठाम मत आहे. विक्रीने काय होतं ते लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांच्या बाबतीत दिसलं आहे. १९८० च्या दशकात त्याची विक्री खासगी कंपनीकडे गेली आणि एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर पोचली. पुढे भाव सहाशेवर उतरला, तरी २००१ मध्ये सर्वाधिक खप झाला तो सुमारे २५ हजार चित्रांचा. २००८ मध्ये मोफत केल्यावर वर्षभरात दहा लाखांहून जास्त उतरवली गेली. उपग्रहाचा खर्च तर तिजोरीतूनच होत होता, विक्रीतून त्यातला थोडाच भाग निघायचा.