इंटरॅक्टिव्ह बोर्डावरचं झूम : अक्षरं मोठी करण्यापलीकडे काय करता येईल?

शाईदौत :
वर्गात इंटरॅक्टिव्ह बोर्ड लागून वर्ष होत आलं. झूमचा उपयोग मी आजवर एकच केलाय : मागून "बाई, दिसत नाही" अशी हाक आली की दोन बोटं फाकवायची. पुढच्या आठवड्यात माझा तास बघायला बाहेरचे शिक्षक येणार आहेत. सहावीचा वर्ग, ३५ मिनिटं, विषय मीच निवडायचा. झूमवरच उभा राहील असा तास हवाय. बजेट शून्य, म्हणजे खरंच शून्य, नवीन काही घ्यायचं नाही. बोर्डाला विंडोजचा कॉम्प्युटर आहे, इंटरनेट लहरी आहे. सुचवा.

फुलचार्ज :
आधी पॅनेलचं रिझोल्यूशन सांगा. १९२० बाय १०८० असेल तर झूमच्या नादी लागू नका. आम्ही ४के घेतलं, ३८४० बाय २१६०, म्हणजे चौपट पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके). सोबत टेबलावरची वस्तू बोर्डावर दाखवणारा डॉक्युमेंट कॅमेरा घ्या, ऑप्टिकल झूमवाला, म्हणजे भिंगाने मोठं करणारा. डिजिटल झूम म्हणजे नुसती हवा भरणं. आमच्याकडे मुंगीचे पाय मोजता येतात.

शेवटचा_बाक :
बजेट शून्य लिहिलंय हो त्यांनी. आणि मुंगीला ६ पाय असतात, ते मोजायला ४के कशाला?

मीटिंगमित्र :
झूममध्ये व्हाइटबोर्ड असतो. मीटिंग सुरू करून शेअर केलात की झालं. मुलांनाही लिहिता येतं.

शेवटचा_बाक :
ते झूम वेगळं, दादा.

कोनमापक :
गणित घ्या. बोर्डावर चौकटींच्या पानावर त्रिकोण काढा आणि झूम करायच्या आधी विचारा, "२०० टक्के केलं तर काय काय दुप्पट होईल?" वर्ग एका सुरात ओरडतो, "सगळं!" मग झूम करा आणि फळ्याचा जुना लाकडी कोनमापक टेकवून कोन मोजायला लावा. कोन जिथल्या तिथे. बाजू दुप्पट. आता क्षेत्रफळ : झूमच्या आधी बोर्डावरच्या एका चौकटीएवढा कागद कापून ठेवलेला असला की तोच लावून मोजता येतं, चौपट येतं. बोर्डातला कोनमापक आणि पट्टी वापरू नका, काही सॉफ्टवेअरमध्ये तेही पानाबरोबर फुगतात आणि सगळी गंमत जाते. एक सावधगिरी : तळवा काचेला लागू देऊ नका. आमच्या पॅनेलला तळवा म्हणजे डस्टर वाटतो. ऐन मोजणीत माझा अर्धा त्रिकोण पुसला गेला होता आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या.
वरच्या वर्गांसाठी जिओजेब्रा, आलेख काढायचं सॉफ्टवेअर. y = x² चा आलेख (१, १) पाशी झूम करत जा, वक्राची सरळ रेघ होते, चढ २. y = |x| चं टोक मात्र शून्यापाशी कितीही झूम करा, टोकच राहतं. सहावीला जड आहे, पण राहवलं नाही.

खडूच_बरा :
आमच्या वेळी बाई फळ्यावर मोठं लिहायच्या. तेही झूमच होतं. वीज गेली म्हणून तास बुडाला नाही कधी.

नकाशेवाला :
भूगोल घ्या, गणिताला कोण विचारतं. नकाशा उघडा ज्यावर १ : ५०,००० असं लिहिलेलं आहे. झूम करा आणि विचारा, आता हे खरं आहे का? नाही. फळ्यावरचा १ सेंमी आता ५०,००० सेंमी दाखवत नाही. पण शेजारची रेघेची मोजपट्टी नकाशाबरोबर ताणली जाते, ती खरीच राहते. आकड्यांतलं प्रमाण खोटं ठरतं आणि रेघेतलं टिकतं, हे मुलांना पुस्तकातून कधी पटत नाही, इथे दोन मिनिटांत पटतं.

कोनमापक :
ते गणितच आहे.

तैलरंग :
चित्र घ्या! यान व्हान आइकचं १४३४ चं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र, मूळ लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. अख्खं चित्र आधी दाखवायचंच नाही. मागच्या भिंतीवरच्या गोल आरशापासून सुरू करा. त्यात जोडपं पाठमोरं दिसतं आणि दारात उभी आणखी दोन माणसं. "ही कोण? आपण कुठे उभे आहोत?" यावर दहा मिनिटं निघतात. मग हळूहळू बाहेर या. आरशाच्या वर भिंतीवर चित्रकाराची सही आहे, ती मुलंच शोधतात. ब्रॉयगलचं १५६० चं मुलांच्या खेळांचं चित्रही तसंच, दोनशेहून जास्त मुलं आहेत त्यात. मोठी फाइल आदल्या दिवशी उतरवून ठेवा. बारीक फाइल घेतलीत तर आरशात नुसते चौकोन.

फुलचार्ज :
म्हणूनच म्हणतोय, ४के.

तीनदा_सेव्ह :
कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. ब्राउझरमधल्या चित्रावर बोर्डाच्या पेनाने गोल काढलात आणि मग झूम केलंत, तर चित्र सरकतं, गोल जागच्या जागी राहतो. शाईचा थर वेगळा असतो. मी फुलपाखराच्या डोळ्याभोवती गोल काढला होता, झूम केल्यावर तो भलत्याच ठिकाणी आला. पुढचं लिहीत नाही. उपाय : स्क्रीनचा तुकडा कापून बोर्डाच्या पानावर आणा, त्यावर लिहा, मग पान झूम करा. ओपनबोर्ड हे फळ्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात जमतं. नाहीतर झूमइट, विंडोजवर पडदा मोठा करायचं सॉफ्टवेअर, तेही फुकट : कंट्रोल आणि १ दाबलं की पडदा गोठतो आणि मोठा होतो. आधी झूम, मग रेघा. आणि सावकाश करा, भसाभस आत-बाहेर केलं की काही मुलांना गरगरतं.

शेवटचा_बाक :
+१. सावकाश.

दुर्बीण :
१४ फेब्रुवारी १९९० ला व्हॉयेजर १ या अवकाशयानाने सुमारे ६ अब्ज किमीवरून काढलेला पृथ्वीचा फोटो लावा. मुलं म्हणतील अजून मोठं करा, अजून. पृथ्वी त्यात एका पिक्सेलहूनही लहान आहे. मोठं करून तिथे काही सापडत नाही.

तैलरंग :
फाइल मोठी घ्या, एवढंच पुन्हा सांगते.

शाईदौत :
तास झाला. सगळ्यांचे आभार, आणि सॉरी, कोणाचंच घेतलं नाही. तुम्ही सगळे फोटो फुटू नये म्हणून सांगत होतात. मी मुद्दाम फोडला. दुर्बीण यांचा प्रतिसाद डोक्यात बसला होता.
आमच्या शाळेच्या शिपाईकाकांचा फोटो त्यांना विचारून घेतला आणि पेंटमध्ये २४ पिक्सेल रुंद केला. पेंटचं झूम ८०० टक्के, वरून विंडोजचं भिंग चौपट (विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह). म्हणजे ३२ पट. बोर्डभर तपकिरी-करडे चौकोन. "काय आहे?" भिंत, शेत, विटा, गालिचा. पहिल्या बाकावरची मुलं नाक लावून रंग मोजत होती.
आणि एकदम शेवटच्या बाकावरून, नेहमी "दिसत नाही" म्हणणाराच : "बाई, काका आहेत!" पुढच्यांना पटेना. मग सगळा वर्ग उठून मागच्या भिंतीला टेकला आणि तिथून एकेकाला दिसायला लागलं. डोळे किलकिले केले की पुढूनही दिसतं, हे एकीने शोधलं. त्यातच पिक्सेल म्हणजे काय ते झालं. तास बघायला आलेलेही खुर्च्या सोडून मागे उभे होते.
बोर्डाला हात मी एकदाच लावला. बाकी वेळ मुलं भिंतीपाशी.

कोनमापक :
छान. पण ३२ पट ही लांबी. क्षेत्रफळ १०२४ पट. तेवढं मुलांना सांगा.

फुलचार्ज :
४के वर हाच फोटो लावून बघा एकदा.

शेवटचा_बाक :
२४ चौकोन ४के वर पण २४ च राहतील हो. आणि बाय द वे, मागचा बाक झिंदाबाद.