मदत हवी आहे: तिसरा रंग दिसू लागला म्हणून माकडांचं नाक मंदावलं, हे खरं का?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात माहेरी रातांबे काढायला गेलो होतो. सगळी पोरं खालूनच "तो बघ, तिकडे बघ" करत लाल फळं दाखवत होती. माझ्या नऊ वर्षांच्या लेकाला मात्र नुसता पालाच दिसत होता. फांदी ओढून हाताशी आणून दिली, तेव्हा एकेक फळ दाबून, नाकाशी धरून त्याने पिकलेली बरोबर निवडली. डोळे तपासून घेतले. लाल-हिरव्याचं रंगांधत्व निघालं. माझ्या वडिलांनाही होतं, म्हणजे माझ्यामार्फत गेलं.

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांत दोनच प्रकारच्या शंकुपेशी (रंग ओळखणाऱ्या पेशी) असतात. आफ्रिका-आशियातली माकडं आणि आपण, यांच्या पूर्वजात ३ ते ४ कोटी वर्षांपूर्वी एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकाची जादा प्रत तयार झाली. त्यातून तिसऱ्या प्रकारची शंकुपेशी आली आणि लाल आणि हिरवा वेगळे दिसू लागले. ही दोन जनुकं शेजारीशेजारी आणि जवळजवळ सारखीच, त्यामुळे गुणसूत्रांच्या देवाणघेवाणीत जोडी चुकते, एखादं गळतं किंवा दोघांची सरमिसळ होते. नकलेतल्या गडबडीने आलेला रंग तशाच गडबडीने माझ्या मुलाचा गेला, हे कळल्यापासून मला खूप हलकं वाटतंय.

त्याला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात यावरच तक्ता करायचाय. दोन ठिकाणी अडलेय.

उंदराची गंधाची हजाराहून जास्त जनुकं चालू असतात, आपली चारशेच्या आसपास. "डोळे सुधारले म्हणून नाक गेलं" असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय. हे तक्त्यावर लिहावं का? आणि त्याचं नाक इतरांपेक्षा तल्लख आहे, असं त्याला सांगितलं तर चालेल?

*

प्रतिसाद:

ताई, ते वाक्य नका लिहू. २००४ मध्ये योआव गिलाद या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी तसा संबंध मांडला होता. पण २०१० मध्ये माणूस, चिंपांझी, ओरांगउटान, आणि मकाक व मार्मोसेट ही माकडं, यांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा तिसरा रंग आला त्या टप्प्यावर गंधाची जनुकं एकदम घटलेली दिसली नाहीत. प्रत्येक शाखेत ती हळूहळू निकामी होत गेली आहेत.

नाकाचंही तसंच. गंधाची जनुकं जवळजवळ सगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत, रंगांधत्वाने त्यांना धक्का लागत नाही. तो वास घेतो कारण त्याला गरज पडते आणि त्यामुळे सवय होते.

त्यापेक्षा त्याला कोस्टा रिकातल्या कापुचिन माकडांचं सांगा. त्यांच्यात सगळे नर दोनच शंकूंचे असतात, माद्यांपैकी काही तीन शंकूंच्या. पिकलेली फळं टिपण्यात तीनवाल्या पुढे, पण पानासालीच्या रंगात लपलेले किडे पकडण्यात दोनवाले सरस ठरतात.

तक्त्यात लाल-हिरवा टाळून निळा-पिवळा वापरा, म्हणजे त्याला स्वतःचा तक्ता नीट वाचता येईल.