गम चघळायचा कसा, हे आधी दाखवा
‘ऊसतोड मजुरांना तंबाखू सोडवण्यासाठी निकोटिन गम दिला, त्यांनी दोन दिवसांत टाकून दिला’ अशी तक्रार असते. दोष बहुधा गमाचा नसतो. तो गुटख्यासारखा भराभर चावला जातो, रस पोटात गेला की उचकी, मळमळ. एकेकाला समोर बसवून दाखवा: सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, ओसरल्या की पुन्हा चावायचा, साधारण अर्धा तास. आधीची १५ मिनिटं चहा बंद, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. (फडावर हेच अवघड!) उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखूचा पहिला बार लागत असेल तर २ मिग्रॅचा गम बहुतेकदा अपुरा पडतो, ४ मिग्रॅला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. बायकांना मिशरीबद्दल वेगळं विचारा, ती त्यांच्या लेखी ‘दात घासणं’ असते. पुढची भेट पहिल्या आठवड्यातच. टोळी हलली तर १८००-११-२३५६ ही मोफत क्विटलाइन (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) द्या.