प्रश्नमंजूषेसाठी ४ बटणांचा बझर : बटण न दाबताच एलईडी लागतो

पाटीपेन्सिल
शाळेच्या प्रश्नमंजूषेसाठी ४ गटांचा बझर करायचा आहे. जो गट आधी दाबेल त्याचा एलईडी लागावा, बझर वाजावा आणि बाकीच्यांची बटणं तेवढ्यापुरती बाद व्हावीत. रिसेट सूत्रसंचालकाकडे. सोल्डरिंग जमतं, मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम करता येणारी चिप) मात्र नवीन आहे. आर्डुइनो उनोची स्वस्तातली प्रत, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायची पाटी) आणि चार पायांची छोटी बटणं घेतली आहेत. ५ व्होल्टवरून बटण आणि बटणातून तार थेट पिनला, अशी जोडणी आहे. बटण न दाबता एलईडी लागतो, तारेजवळ हात नेला तरी लुकलुकतो. एक बटण तर कायम दाबलेलंच दिसतं. बोर्ड बिघडलाय का? त्याऐवजी ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड घ्यावा का? कार्यक्रमात बटणं ८-१० मीटर लांब असतील.

पाचव्होल्ट
बोर्ड ठणठणीत आहे. दोन वेगवेगळ्या चुका एकत्र झाल्या आहेत.

पहिली: बटण सुटलेलं असताना तुमची पिन कशालाच जोडलेली नसते. अशी लोंबकळणारी पिन आसपासच्या वायरिंगमधला ५० हर्ट्झचा गोंगाट उचलते आणि मनाला येईल ते वाचन देते. जोडणी उलटी करा: बटणाचं एक टोक ग्राउंडला, दुसरं पिनला, आणि सेटअपमध्ये पिनमोडला 'इनपुट पुलअप' द्या. मग चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर पिनला ५ व्होल्टकडे खेचून धरतो. आता न दाबलेलं बटण 'हाय' आणि दाबलेलं 'लो' वाचलं जाईल, म्हणून प्रोग्राममधली अटही उलटी करा. इथे बरेच जण अडकतात.

दुसरी: चार पायांच्या बटणात दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. चुकीची जोडी वापरली की बटण सतत दाबलेलं दिसतं. ते ब्रेडबोर्डच्या मधल्या खाचेवर आडवं बसवा आणि तिरपे समोरासमोरचे दोन पाय वापरा, म्हणजे चुकायला वावच राहत नाही. शंका आली तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून तपासा.

पिनांची वाटणी: गटांची बटणं ८, ९, १०, ११ वर, एलईडी ४ ते ७ वर, रिसेट २ वर, बझर ३ वर. ० आणि १ मोकळ्या ठेवा, यूएसबीचं संभाषण त्यांच्यावरून चालतं. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र ३३० ओहम. लाल एलईडीला साधारण ९ मिलिअँपिअर मिळतात, तेवढे पुरे.

ईएसपी३२ या कामाला नको. तो ३.३ व्होल्टचा आहे, पिनला चुकून ५ व्होल्ट लागले तर खराब होऊ शकतो. शिवाय त्याच्या ३४ ते ३९ या पिनांना आतला पुलअपच नसतो, म्हणजे नवख्याला पुन्हा हाच त्रास.

तांब्याचीतार
वरचं सगळं बरोबर, पण १० मीटर तारेला आतला पुलअप अशक्त पडतो. पंख्याचं किंवा ट्यूबलाइटचं बटण कुणी दाबलं की खोटा ठोका येईल. बोर्डाजवळ प्रत्येक तारेवर एवढं करा: बाहेरून आलेल्या तारेपासून ५ व्होल्टला ४.७ किलोओहम, तीच तार १ किलोओहममधून पिनला, आणि पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, ज्यावर १०४ छापलेलं असतं. १० मायक्रोफॅरडचा लावू नका, बटण सुटल्यावर पिन वर यायला उगाच वेळ लागेल.

तार म्हणून लॅन केबल उत्तम. पिळलेल्या एका जोडीत एक तार सिग्नलची, दुसरी ग्राउंडची. ५ व्होल्ट बोर्डाबाहेर नेऊच नका. केबल खुर्चीखाली चेंगरून शॉर्ट झाली तरी फक्त ते बटण दाबल्यासारखं दिसेल, बोर्डाला काही होणार नाही.

मुलं बटणावर मुठी आपटतात, तिथे ६ मिलिमीटरचं बटण टिकत नाही. आर्केड खेळातलं मोठं बटण घ्या. त्याखालच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात, त्यातली 'कॉमन' आणि 'नॉर्मली ओपन' वापरा. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा.

बझर 'अ‍ॅक्टिव्ह' मागा. 'पॅसिव्ह'ला नुसते ५ व्होल्ट दिले तर एकदा टक् होऊन गप्प बसतो, त्याला टोन फंक्शन लागतं. बझर थेट पिनवर न लावता बीसी५४७ या ट्रान्झिस्टरमधून चालवा, बेसला १ किलोओहम. सभागृहासाठी १२ व्होल्टचा हूटर हवा असेल तर नुसता बीसी५४७ पुरणार नाही, ट्रान्झिस्टरने रिले (विजेवर चालणारा स्विच) चालवा आणि रिलेच्या कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावायला विसरू नका.

वीज मोबाइलच्या ५ व्होल्ट चार्जरवरून घ्या. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी कार्यक्रमाच्या मधेच मान टाकेल. पॉवरबँकही नको: एवढ्या कमी करंटवर अनेक पॉवरबँक आपोआप बंद होतात.

पाटीपेन्सिल
पुलअप आणि तिरपे पाय, दोन्हींनी काम झालं, आभार! आता एकच अडचण: रिसेट केल्याबरोबर कधीकधी आधीच्याच गटाचा एलईडी पुन्हा लागतो. डीबाउन्ससाठी (बटणाची थरथर गाळायला) डिले ५० टाकलाय.

पाचव्होल्ट
तो डिले काढा. ते ५० मिलिसेकंद चिप झोपलेली असते आणि तेवढ्यात दोघांनी दाबलं तर आधी कोण हे कळायचा मार्गच उरत नाही. पहिला दाब ओळखायला डीबाउन्स लागत नाही. पत्रा पहिल्यांदा टेकला की निकाल लागला, पुढची थरथर कुणी वाचतच नाही.

डीबाउन्स लागतो तो रिसेटनंतर. त्या गटाचं बोट अजून बटणावर असतं किंवा बटण सुटताना पत्रे काही मिलिसेकंद थरथरतात, आणि प्रोग्राम त्यालाच नवा दाब समजतो. म्हणून रिसेट दाबलं की लगेच फेरी उघडू नका. चारही बटणं सुटलेली आणि सलग ५० मिलिसेकंद तशीच, हे मिलिस फंक्शनने मोजा. मधे एकही दाबलं गेलं तर मोजणी पुन्हा शून्यापासून. मगच फेरी उघडा आणि सूत्रसंचालकासाठी पिन १३ वरचा बोर्डावरचाच एलईडी लावा. प्रश्न संपायच्या आधीच बटण दाबून धरणाऱ्यांचा डावही यात आपोआप फसतो.

८ ते ११ या पिना मी मुद्दाम सुचवल्या. त्या चिपच्या एकाच पोर्टवर, पोर्ट बीवर आहेत. चार वेळा डिजिटलरीड करण्याऐवजी पिनबी हे रजिस्टर एकदाच वाचा आणि १५ शी अँड करा (म्हणजे या चार पिनांचेच बिट उरतात), चौघांची स्थिती एकाच क्षणाची मिळेल. १५ म्हणजे कुणीच नाही, १४ पहिला गट, १३ दुसरा, ११ तिसरा, ७ चौथा. यापेक्षा वेगळा आकडा आला तर दोन किंवा जास्त गट एकाच वाचनात सापडले आहेत, त्या सगळ्यांचे एलईडी लावा आणि निर्णय परीक्षकांवर सोडा. क्रमाने वाचताना बरोबरी झाली की पहिल्या गटाला झुकतं माप मिळतं, तसं यात होत नाही.

तांब्याचीतार
कार्यक्रमाआधी एक चाचणी नक्की करा: पूर्ण लांबीच्या केबल जोडून, फेरी उघडी ठेवून सभागृहातले पंखे आणि माइक दहा-बारा वेळा चालू-बंद करा. एकही एलईडी लागला तर आधी त्या केबलची ग्राउंड तार दोन्ही टोकांना पक्की आहे का बघा, मग कपॅसिटर पिनच्या अगदी जवळ आहे का ते. ब्रेडबोर्ड मात्र तिथे नेऊ नका, प्रवासात तारा निघतात. सगळं परफबोर्डवर (भोकं असलेल्या पाटीवर) सोल्डर करा आणि केबलसाठी स्क्रू टर्मिनल लावा.